विद्यापीठाची उद्दिष्टं ठरवताना: अध्यापन, संशोधन आणि विस्तारकार्यासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

नियोजन समितीवर पहिल्यांदा नाव लागलं की हातात एक कोरा तक्ता येतो आणि सोबत पंधरा दिवसांची मुदत. बहुतेक विभाग मागच्या वर्षीच्या आकड्यांत दहा टक्के मिळवून तो तक्ता परत पाठवतात. वर्षाअखेरीस त्या आकड्यांचं काय झालं हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच, तर आकडा नेमका कशाचा होता यावरच वाद सुरू होतो.

तो वाद टाळायचा असेल तर क्रम पाळा: आधी व्याख्या, मग आजची पातळी, मग क्षमता आणि लक्ष्याचा आकडा सर्वांत शेवटी. आकडा आधी ठरला की उरलेलं सगळं काम त्याचं समर्थन करण्यात जातं.

हे आधी हाताशी घ्या

- मागच्या पाच वर्षांची प्रवेशाची आणि निकालाची माहिती, प्रत्येक तुकडीनुसार. फक्त एकूण बेरजा नकोत.
- मंजूर पदं, भरलेली पदं आणि पुढच्या पाच वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी.
- विभागवार कार्यभार: तासिका, प्रात्यक्षिकं, परीक्षेची कामं.
- शोधनिबंधांची यादी, शक्यतो डीओआय क्रमांकासह (प्रत्येक शोधनिबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक), चालू प्रकल्प, पाठवलेले पण नामंजूर झालेले प्रस्ताव.
- पीएच.डी. नोंदणीची वही: नोंदणीची तारीख, प्रबंध सादर केल्याची तारीख, मौखिक परीक्षेची तारीख.
- विस्तारकार्याच्या (विद्यापीठाबाहेरच्या समाजासाठी केलेल्या कामाच्या) नोंदी आणि भागीदार संस्थांशी केलेले करार.
- विद्यापीठाचा स्थापना कायदा किंवा सनद, आणि चालू आराखडा.

नामंजूर प्रस्तावांची यादी बहुतेक ठिकाणी तयार नसते. ती मुद्दाम गोळा करा, पुढे लागणार आहे. तासिकांची माहितीही वेळापत्रकावरून घ्यावी. कागदावर वाटलेला कार्यभार आणि प्रत्यक्षातला कार्यभार यांत बरेचदा फरक असतो.

१. सुधारणेसाठी की हिशेबासाठी, ते लिहून ठेवा

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने १९७९ मध्ये सार्वजनिक विद्यापीठांच्या अनुदानाचा काही भाग कामगिरीशी जोडला आणि पुढे अनेक सरकारांनी ती वाट धरली. त्याच दशकात ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी, दोन वेगळ्या क्षेत्रांतून, जवळजवळ एकच इशारा दिला होता: ज्या मापावर बक्षीस किंवा शिक्षा अवलंबून असते, ते माप लवकरच भरवशाचं राहत नाही.

म्हणून दोन पत्रकं करा. सरकारला, अनुदान देणाऱ्यांना आणि लोकांना द्यायचा हिशेब पहिल्या पत्रकात. तिथे निर्देशक (प्रगती मोजायचे आकडे) मोजके, व्याख्या पक्की आणि पुरावा जोडलेला. दुसरं पत्रक विभागाने स्वतःत सुधारणा करण्यासाठी. तिथे अपयश मोकळेपणाने लिहिता आलं पाहिजे. कुठल्या विषयात मुलं सर्वाधिक नापास होतात, ही माहिती दुसऱ्या पत्रकातली. ती पदोन्नतीच्या फायलीला जोडलीत तर पुढच्या वर्षी त्या विषयाची प्रश्नपत्रिका सोपी झालेली दिसेल.

२. साखळी मांडा

प्रत्येक उद्दिष्टासाठी चार रकाने आखा: साधनं, काम, हाती आलेलं फळ, झालेला परिणाम. नवी प्रयोगशाळा हे साधन. तिथे झालेली प्रात्यक्षिकं हे काम. प्रात्यक्षिक पूर्ण केलेले विद्यार्थी हे फळ. उपकरण कुणाच्या मदतीविना हाताळता येणं हा परिणाम. वर्षाच्या तक्त्यात बहुधा पहिले दोनच रकाने भरलेले असतात, कारण ते मोजायला सोपे. उलट निव्वळ परिणामच लिहिले तर ते विभागाच्या हातात नसतात. मधल्या दोन रकान्यांतून मुख्य निर्देशक निवडा आणि चौथ्यातला एखादाच, तोही तीन ते पाच वर्षांच्या मुदतीने.

३. प्रत्येक निर्देशकाचं एक पानी टिपण

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टिपणात एवढं असावं: निर्देशकाचं नाव, अंश, छेद, कोणत्या तारखेची स्थिती, कोणाला वगळायचं, माहिती कुठल्या नोंदवहीतून घ्यायची, जबाबदार व्यक्तीचं पद, वर्षातून किती वेळा मोजायचं.

छेदाकडे दुर्लक्ष झालं की काय होतं ते पाहा. समजा, पहिल्या वर्षाला १२० विद्यार्थी पटावर आले. त्यातले ९६ शेवटच्या परीक्षेला बसले आणि ८४ उत्तीर्ण झाले. परीक्षेला बसलेल्यांच्या हिशेबाने निकाल ८७.५ टक्के. प्रवेश घेतलेल्यांच्या हिशेबाने ७० टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, पण पहिल्यात गळती झालेले २४ जण दिसतच नाहीत. एका विभागाने पहिली व्याख्या घेतली आणि दुसऱ्याने दुसरी, तर त्यांची तुलना निरर्थक ठरते. शिवाय पहिल्या व्याख्येत एक वाकडी सोय आहे: कच्च्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसू दिलं नाही की निकाल आपोआप सुधारतो. म्हणून छेद नेहमी प्रवेशाच्या तुकडीचा ठेवा, आणि दुसऱ्या विभागात बदली घेतलेल्यांना कुठे मोजायचं ते टिपणात लिहा. थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांची तुकडी वेगळी धरा. नाहीतर गळती झालेल्यांची जागा हे नवे विद्यार्थी भरून काढतात आणि टक्केवारी फसवी निघते.

टिपण तयार झालं की ते ज्याने लिहिलेलं नाही अशा दुसऱ्या विभागातल्या माणसाला द्या आणि त्याच नोंदींवरून आकडा काढायला सांगा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर व्याख्या अजून कच्ची आहे. ही चाचणी अर्ध्या दिवसाची असते. ती टाळलेल्या समित्या पुढे वर्षभर पत्रव्यवहार करत बसतात.

४. आजची पातळी ठरवा

एका वर्षाचा आकडा आधार म्हणून घेऊ नका. किमान तीन वर्षं घ्या, पाच मिळाली तर उत्तम. २०२० आणि २०२१ मध्ये परीक्षांची पद्धतच अनेक ठिकाणी बदलली होती. ती वर्षं आलेखात ठेवा, पण सरासरीत धरू नका.

लहान विभागांत टक्केवारी नाचते. १४ विद्यार्थ्यांच्या तुकडीत एक जण नापास झाला की आकडा सात टक्क्यांनी खाली येतो. तीसपेक्षा कमी संख्या असेल तर सरळ संख्या लिहा किंवा तीन वर्षांच्या तुकड्या एकत्र करा. "निकालात सात टक्क्यांची घसरण" हा शेरा एका विद्यार्थ्याच्या आजारपणामुळेही पडू शकतो.

५. क्षमतेचा हिशेब

लक्ष्याचा आकडा लिहिण्याआधी तास मोजा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या विभागाचे घाला.

एका अध्यापकाचे आठवड्याला ४० तास, वर्षात कामाचे ४४ आठवडे, म्हणजे १,७६० तास. शिकवण्याचे ३० आठवडे धरा. आठवड्याला १४ तासिका आणि तेवढीच तयारी, म्हणजे २८ तास; वर्षाचे ८४०. परीक्षा आणि उत्तरपत्रिका तपासणी २००, समित्या आणि प्रशासकीय कामं २००, विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन १५०. बेरीज १,३९०. संशोधन आणि विस्तारकार्य दोन्ही मिळून उरले ३७० तास.

आता दहा मंजूर पदांपैकी तीन रिक्त आहेत असं धरा. तेच काम सात जणांत वाटलं की तासिका १४ वरून २० होतात. शिकवणं आणि तयारी १,२०० तास, परीक्षा सुमारे २८६, प्रशासकीय कामं सुमारे २८६. बेरीज १,७७२. विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनाचा एक तासही न धरता वर्ष संपलं. अशा विभागाला "शोधनिबंध दुप्पट करा" असं सांगितलं तर शोधनिबंध कसे येतील, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

हा हिशेब उद्दिष्टपत्रकाला जोडा. जिथे तास उरत नाहीत तिथे दोनच पर्याय: पद भरण्याचं लक्ष्य प्रशासनाच्या नावावर लिहा, नाहीतर विभागाचं लक्ष्य कमी करा. "उपलब्ध मनुष्यबळात" हा शब्दप्रयोग तक्त्यात दिसला की तो खोडून त्या जागी तासांचा आकडा मागा.

६. अध्यापनाची उद्दिष्टं

विभागाच्या हातात असलेल्या गोष्टींपासून सुरुवात करा:

- पहिल्या वर्षातून दुसऱ्यात जाणाऱ्यांचं प्रमाण. गळती सहसा इथेच जास्त असते आणि उपायही इथेच लागू पडतो.
- ठरलेल्या मुदतीत पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, तुकडीनुसार.
- विद्यार्थ्यांच्या वेगवेगळ्या गटांतलं अंतर. पहिल्या पिढीतले विद्यार्थी, मुली, दिव्यांग, दुसऱ्या भाषेतून शिकून आलेले. सरासरी सुधारत असताना हे अंतर वाढत असू शकतं.
- तपासलेलं काम शेऱ्यासह किती दिवसांत परत मिळतं.
- सर्वाधिक नापास होणारे पाच विषय, आणि प्रत्येकासाठी एक ठोस उपाय.

प्रत्येक आकड्याला एक जोड-आकडा द्या. उत्तीर्णतेचं प्रमाण वाढवायचं असेल तर त्याच विद्यार्थ्यांची त्याच विषयाच्या पुढच्या टप्प्यातली कामगिरी शेजारी लिहा. पहिला आकडा चढला आणि दुसरा पडला, तर गुण सैल हाताने दिले गेले आहेत.

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाबद्दल सावध राहा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलित विश्लेषणात, अध्यापकांना मिळालेले गुण आणि विद्यार्थ्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांच्यात काही संबंध आढळला नाही. अभिप्राय घ्याच, पण "सरासरी ४.२ वरून ४.५" असं लक्ष्य ठेवू नका. लक्ष्य ठेवायचंच तर असं: किती टक्के विद्यार्थ्यांनी अभिप्राय दिला, आणि त्यातून आलेल्या किती सूचनांवर काय केलं हे त्यांना लेखी कळवलं. तेही पुढचं सत्र सुरू होण्याआधी.

७. संशोधनाची उद्दिष्टं

चुका सर्वांत जास्त इथे होतात, कारण आकडे आयते मिळतात.

*नुसती संख्या नको.* ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात विद्यापीठांच्या अनुदानाचा एक भाग शोधनिबंधांच्या संख्येशी जोडला गेला. संख्या वाढली, पण सर्वाधिक वाढ कमी प्रभावाच्या नियतकालिकांत झाली. दबाव वाढला की याहून वाईटही घडतं. २०२३ या एकाच वर्षात जगभरात १०,००० हून अधिक शोधनिबंध मागे घेतले गेले, आणि त्यांतले बहुसंख्य एकाच प्रकाशनसमूहाच्या नियतकालिकांमधले होते. ब्रिटनने आपल्या राष्ट्रीय संशोधन-मूल्यमापनात वेगळा रस्ता धरला. २०२१ च्या फेरीत विभागाने पूर्णवेळ संशोधकामागे सरासरी अडीच निवडक कामं द्यायची होती. तुम्हीही तेच करा. "तीन वर्षांत प्रत्येकाची सर्वोत्तम दोन कामं" हे लक्ष्य "वर्षाला तीन पेपर" यापेक्षा कितीतरी निरोगी आहे.

*नियतकालिकाचं माप माणसाला लावू नका.* इम्पॅक्ट फॅक्टर ही नियतकालिकातल्या लेखांचे इतरांनी किती संदर्भ दिले याची, दोन वर्षांच्या खिडकीतली सरासरी असते. एखाद्या शोधनिबंधाबद्दल ती फारसं सांगत नाही. सॅन फ्रान्सिस्को इथे २०१२ मध्ये सुरू झालेल्या, संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या 'डोरा' जाहीरनाम्याचा मूळ आग्रह हाच आहे. संशोधनाच्या मोजमापाबद्दलच्या २०१५ च्या 'लायडन मॅनिफेस्टो'ची दहा तत्त्वं समितीतल्या प्रत्येकाला वाचायला द्या. त्यातलं एक इथे विशेष लागू आहे: स्थानिक प्रश्नांवरच्या संशोधनाचं रक्षण करा. संदर्भांचे मोठे माहितीसंच इंग्रजी नियतकालिकांकडे झुकलेले आहेत. मराठीतला संशोधनग्रंथ किंवा जिल्ह्याच्या भूजलावरचा अहवाल त्यात दिसणारही नाही. भाषा, इतिहास, समाजशास्त्र या विभागांसाठी ग्रंथ, संपादित संहिता आणि अहवाल यांची वेगळी यादी मान्य करून घ्या.

*विषयांची आपसांत तुलना नको.* २००५ मध्ये मांडला गेलेला एच-निर्देशांक (किमान दहा वेळा संदर्भ दिले गेलेले दहा शोधनिबंध असले तर तो दहा) विषयावर आणि वयावर अवलंबून असतो. गणितातल्या प्राध्यापकाचा एच-निर्देशांक जैववैद्यकातल्या सहकाऱ्यापेक्षा कमी असणं स्वाभाविक आहे. तुलना करायचीच तर त्याच विषयातल्या, त्याच अनुभवाच्या लोकांशी.

*दुहेरी मोजणी.* तीन विभागांतल्या तिघांनी मिळून लिहिलेला एक शोधनिबंध तिन्ही विभागांच्या यादीत येतो आणि विद्यापीठाच्या बेरजेत तीन होतो. विभागाच्या पातळीवर तो प्रत्येकाकडे मोजा. विद्यापीठाच्या पातळीवर डीओआयनुसार एकदाच. अध्यापकांना ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) घ्यायला लावला तर एकाच नावाच्या दोन माणसांचा गोंधळही टळतो.

*पीएच.डी.* इथे एक सापळा सहज नजरेतून सुटतो. "सरासरी पाच वर्षांत पदवी" हा आकडा फक्त पूर्ण केलेल्यांचा असतो. नऊ वर्षं अडकलेला किंवा सोडून गेलेला विद्यार्थी त्यात येतच नाही. म्हणून अमुक वर्षी नोंदणी केलेल्यांपैकी सहा वर्षांत किती जणांनी पूर्ण केलं, असं मोजा. त्याच्या जोडीला प्रबंध सादर केल्यापासून मौखिक परीक्षेपर्यंतचे दिवस, आणि तेही मध्यक (चढत्या क्रमातलं मधलं मूल्य) काढून. हा काळ विद्यार्थ्याच्या हातात नसतो. परीक्षा विभाग आणि बाहेरचे परीक्षक यांच्यात जातो. तिथे सुधारणा एका वर्षात दिसते, तीही फारसा खर्च न करता.

*निधी.* मंजूर रक्कम विभागाच्या हातात नसते. पाठवलेल्या प्रस्तावांची संख्या आणि नामंजूर झालेल्यांपैकी किती सुधारून पुन्हा पाठवले, ही लक्ष्यं हातात असतात. सुरुवातीला गोळा केलेली यादी इथे कामाला येते. परीक्षकांचे शेरे एकत्र वाचले की तीच दोन-तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात: अंदाजपत्रक जुळत नाही, पद्धत स्पष्ट नाही, आधीच्या कामाचा पुरावा नाही.

८. विस्तारकार्याची उद्दिष्टं

"वर्षात ५० कार्यक्रम" हे उद्दिष्ट लिहिलं की वर्षात ५० बॅनर तयार होतात. फोटो, हजेरीपट, संपला विषय. कार्यक्रमांची संख्या नोंदीत ठेवा, लक्ष्यात नको.

त्याऐवजी एक काम शेवटपर्यंत नेऊन पाहा. रसायनशास्त्र विभाग आसपासच्या वस्त्यांतले ४० पाणीस्रोत तपासणार आहे असं समजा. निर्देशक असे: नमुना घेतल्यापासून किती दिवसांत अहवाल वस्तीला समजेल अशा भाषेत मिळाला, दूषित आढळलेल्या किती स्रोतांची माहिती जबाबदार यंत्रणेला लेखी दिली, सहा महिन्यांनी त्या स्रोतांची पुन्हा तपासणी झाली का, आणि त्यातल्या किती ठिकाणी सुधारणा झाली. पहिले तीन विभागाच्या हातात आहेत, त्यांना पक्कं लक्ष्य द्या. चौथा फक्त नोंदवा, कारण दुरुस्ती दुसरी यंत्रणा करते.

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या 'कार्नेगी' सामाजिक सहभाग वर्गीकरणात समाजाशी होणारी देवाणघेवाण दुहेरी आहे का, यावर भर असतो. साधी कसोटी अशी: विषय कुणी सुचवला, विद्यापीठाने की भागीदाराने? पुढच्या वर्षी भागीदाराने स्वतःहून परत बोलावलं का? हे दोन प्रश्न नोंदवहीत कायमचे छापून घ्या.

आणि विस्तारकार्याचे तास कार्यभारात मोजले जात नसतील तर उद्दिष्टं लिहूच नका. शनिवार-रविवारी फुकट करून घेतलेलं काम तीन वर्षं टिकत नाही.

९. आता आकडा

तीन पातळ्या लिहा. किमान: याखाली गेल्यास कारण द्यावं लागेल. अपेक्षित: आजची पातळी, अधिक ठरलेल्या उपायातून येणारी वाढ. उच्च: जादा साधनं मिळाली तरच. तिसऱ्याच्या शेजारी कोणती साधनं, कधीपर्यंत, हे लिहिलंच पाहिजे.

वाढ कुठून येणार ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "पहिल्या वर्षाची गळती २० वरून १५ टक्के: पहिल्या सहा आठवड्यांत निदान चाचणी, मागे पडलेल्यांसाठी आठवड्याला दोन जादा तास." उपाय लिहिता येत नसेल तर तो आकडा तक्त्यातून काढा.

१०. वाटणी आणि सह्या

विद्यापीठाचं लक्ष्य विभागांच्या संख्येने भागू नका. विभागाने आपला प्रस्ताव द्यावा, समितीने क्षमतेचा हिशेब पाहून चर्चा करावी आणि बेरीज शेवटी व्हावी. एका विभागाला पाच ते आठ निर्देशक पुरेत, संपूर्ण विद्यापीठाला वीसच्या आत. संशोधन आणि विस्तारकार्याची लक्ष्यं विभागाच्या नावावर असू द्या, व्यक्तीच्या नाही. एक जण जास्त शिकवेल, दुसरी प्रकल्प सांभाळेल. मिळून हिशेब जुळला की झालं.

सही विभागप्रमुखांची हवीच, पण साधनं देण्याचं आश्वासन देणाऱ्या अधिकाऱ्याचीही त्याच पानावर घ्या. वेगळ्या पत्रावर दिलेलं आश्वासन आढाव्याच्या दिवशी सापडत नाही.

११. माहिती गोठवण्याची तारीख

वर्षातली एक तारीख ठरवा. त्यानंतर त्या वर्षाच्या आकड्यांत बदल नाही. चूक सापडली तर दुरुस्तीपत्रक वेगळं जोडा, जुना आकडा पुसू नका. दर वर्षी पाच ते दहा टक्के नोंदी मूळ कागदांशी ताडून पाहा, आणि ते काम ज्या विभागाची माहिती आहे त्याच्याकडे देऊ नका. व्याख्या बदलावी लागली तर एक वर्ष जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींनी मोजा. नाहीतर आलेखात दिसणारी उडी कामाची की व्याख्येची, हे कुणालाच सांगता येणार नाही.

१२. आढावा

तीन महिन्यांतून एकदा, दीड तास. आकडे आठवडाभर आधी पाठवा. बैठकीत फक्त मागे पडलेले निर्देशक घ्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: उपाय अमलात आला का? आला असेल आणि फरक पडला नसेल तर उपाय बदला. आलाच नसेल तर कुठे अडलं ते शोधा. लक्ष्य मात्र वर्षाच्या मध्येच खाली आणू नका.

वर्षाअखेरीस नवा निर्देशक घ्यायचा असेल तर जुना एक काढा. काढलेल्याचं टिपण आणि आकडे फेकू नका. तीन वर्षांनी कुणीतरी तोच निर्देशक नवा म्हणून सुचवेल. तेव्हा तो का काढला होता ते त्या टिपणाच्या तळाशी लिहिलेलं असावं.